मरळु

टेंडर मी कन्नडात टाइप करते,
चूक झाली की चुकचुकते मराठीत.
महापालिकेच्या बांधकाम खात्यात बावीस वर्षं
हेच चाललंय:
फिनेल, खराटे, गटारांची झाकणं,
पेव्हर ब्लॉक, पेव्हर ब्लॉक, पेव्हर ब्लॉक.
दर वर्षी तीच माणसं, तीच अट,
"नदीची स्वच्छ वाळू".
कुठली नदी, कुणी विचारलं नाही.
मार्कंडेय? मलप्रभा?
कागदाला तहान लागत नाही.

यंदा होसमनी मॅडम आल्या, नव्या इंजिनियर.
दुसऱ्याच दिवशी चप्पल काळी करून आल्या
उद्यमबागेतून.
फौंड्र्यांच्या मागचे ढीग बघून आलेल्या:
जळकी वाळू,
जिनं पंपांची पोटं, मोटारींची हाडं
घडीभर अंगात धरली,
तापलं लोखंड गार होईतो हलली नाही,
आणि दहाव्या-बाराव्या खेपेला दम सुटला तिचा
की रात्री ट्रॅक्टरनं थेट ओढ्याला.

तिथंच रेणुका मुचंडीची पत्र्याची शेड.
बाप भावकाण्णा, तीस वर्षं मोल्डर,
खोकला की रुमालावर अजून करडं येतं.
त्या वाळूत सिमेंट कालवून ती ब्लॉक पाडते.
लोक म्हणाले, "काळा ब्लॉक? आन् दारात?"
मंगल कार्यालयवाला म्हणाला,
"फुकट देतीस तर संडासाकडं घालतो."
फुकट दिले नाहीत तिनं.
शेडमागं रचून ठेवले, वर पोतं.

मॅडम सांगत गेल्या, मी टाइप केलं.
कलम चौदा:
वाळूचा तिसरा हिस्सा आधी वापरलेला असावा.
फुटका ब्लॉक देणाऱ्यानंच परत न्यावा,
दळून पुन्हा पाडावा.

कन्नडात वाळूला म्हणतात मरळु.
परत येण्यालाही मरळु.
एकाच ओळीत दोनदा उमटला शब्द.
वाटलं, माझंच बोट अडखळलं,
एक खोडायला गेले.
"इरली," मॅडम म्हणाल्या.
राहू दे, दोन्ही बरोबर आहेत.
इतकी वर्षं या भाषेचा पगार खाते मी,
आणि हे मला माहीत नव्हतं.

पुढं कलम सात आडवं आलं: उलाढाल दोन कोटी.
रेणुकाची उलाढाल म्हणजे एक मिक्सर,
एक थरथरणारं टेबल, दोन माणसं,
त्यातला एक दिवाळीपासून गावाकडं.
शुद्धिपत्रक काढलं.
जुने ठेकेदार चहा घेऊन टेबलाशी आले,
"मॅडम नव्या हायत, तुम्ही जरा समजवा की."
मी समजावलं नाही.
चहा प्याले खरं.

पहिली खेप चाचणीतच गेली.
अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरून
मशीनखाली बिस्किटासारखा चुरा.
रेणुका काही बोलली नाही.
पायरीवरून भावकाण्णाच म्हणाला,
चुरा चिमटीत धरून, नाकाशी नेऊन:
"धुतली न्हाईस तू. कोळसा हाय अजून तिच्यात."

दुसरी खेप टिकली.
खासबागेतला एक बोळ मिळाला, दोनशे बारा मीटर.
बाकीचं शहर जुन्यांकडंच.

काल मुद्दाम त्या बोळातून घरी गेले.
दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट,
मधे तव्याच्या रंगाची वाट,
आणि तिच्यावर भावकाण्णा अनवाणी,
अंगठ्यानं एकेक ब्लॉक चाचपत,
साच्याची कड चाचपावी तसा.
"हितला एक हलूलालाय," म्हणाला,
"कोपऱ्यात फुटलाय. लिवून घ्या.
पोरगीला न्यायला सांगा, चौदा नंबरात हाय की ते."

आज रजिस्टर उघडलं.
आवक आहे, जावक आहे,
शिल्लक आहे, शेरा आहे.
परतीला रकानाच नाही.
पट्टी घेऊन एक रेघ ओढली.
जरा तिरकी आली.
वर एकच शब्द लिहिला.